महाराष्ट्राचा नकाशा स्वतःच्या सर्व्हरवरून: यंत्र कसे निवडावे

गावातल्या विहिरींची नोंद ठेवणारी संस्था असो, सह्याद्रीतल्या वाटा दाखवणारा ट्रेकिंगचा गट असो, की एसटी थांब्यांचे ॲप बनवणारे दोन-तीन विद्यार्थी असोत, एका टप्प्यावर सगळ्यांपुढे एकच प्रश्न येतो: आपल्या माहितीच्या मागचा नकाशा आणायचा कुठून? बहुतेक जण सुरुवात ओपनस्ट्रीटमॅपच्या, म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या, मुख्य सर्व्हरवरून टाइल्स (नकाशाचे लहान चौकोनी तुकडे) घेऊन करतात. पण ते सर्व्हर देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या कष्टांवर चालतात. त्यांच्या नियमांत जड वापराला आणि टाइल्स घाऊक उतरवून घ्यायला मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे. व्यावसायिक सेवा घेतली की वापर वाढेल तसे बिल वाढते. शिवाय गावांची नावे आपल्याला हवी तशी मराठीत मिळतील याची खात्री दोन्हीकडे नसते.

मग स्वतःचा सर्व्हर उभारायचे ठरते आणि तिथेच पैसा चुकीच्या जागी जायला लागतो. चोवीस कोअरचा प्रोसेसर घेतला जातो, कोणी ग्राफिक्स कार्डही सुचवते, आणि डिस्कच्या वेळी हात आखडता घेतला जातो. नकाशाच्या सर्व्हरचे घोडे अडते ते डिस्कपाशी आणि त्याखालोखाल रॅमपाशी. माझा आग्रह एवढाच की दुकानात जाण्याआधी कागदावर हिशेब मांडावा. तो कसा मांडायचा आणि त्यावरून यंत्र कसे ठरवायचे, ते पुढे सांगतो. उदाहरण महाराष्ट्राच्या नकाशाचे घेतले आहे. गरजेनुसार ते भारतापर्यंत किंवा जगापर्यंत ताणता येईल.

पायरी १: किती भूभाग, किती खोल, किती ताजा

नकाशाच्या टाइल्सचे गणित सोपे आहे. झूम ० वर अख्खे जग २५६ बाय २५६ पिक्सेलच्या एका चौकोनात बसते. पुढच्या प्रत्येक पातळीवर एका टाइलच्या चार होतात. झूम १८ ला, म्हणजे इमारती वेगळ्या ओळखू येतात त्या पातळीला, जगभरच्या टाइल्स सुमारे ६,८७२ कोटी होतात. ० ते १८ सगळ्या मिळून ९,१६३ कोटींच्या आसपास. एवढ्या टाइल्स आधी बनवून कोणीच ठेवत नाही.

आता महाराष्ट्र घेऊ. क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. १९ अंश अक्षांशावर झूम १८ च्या एका टाइलची बाजू सुमारे १४५ मीटर भरते. म्हणजे एकट्या १८ व्या पातळीला राज्याच्या दीड कोटीच्या जरा खाली टाइल्स होतात आणि ० ते १८ मिळून जवळपास १ कोटी ९६ लाख. एक टाइल सरासरी १० केबी धरली तर सगळा संच २०० जीबीच्या आत बसतो. झूम १६ वर थांबलो तर टाइल्स सव्वाबारा लाखांच्या आसपास राहतात आणि जागा लागते जेमतेम १२ जीबी. दोन पातळ्या कमी केल्या की काम सोळाव्या हिश्श्यावर येते. पाणलोटाचा किंवा तालुकावार पिकांचा नकाशा दाखवायचा असेल तर १६ पुरते. शहरातली दुकाने दाखवायची असतील तर १८ लागते. हा निर्णय पैशाच्या दृष्टीने सगळ्यांत मोठा आहे, म्हणून तो आधी घ्यावा.

तिसरा प्रश्न ताजेपणाचा. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेची जिओफाब्रिक ही कंपनी ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटाचे देशवार आणि विभागवार तुकडे रोज मोफत देते. भारताचा तुकडा एक-दीड जीबीचा आहे. त्यातला पश्चिम विभाग वेगळा मिळतो, आणि त्यातून ऑस्मियम नावाच्या साधनाने फक्त महाराष्ट्र कापून घेता येतो. महिन्यातून एकदा नवा तुकडा आणून सगळे पुन्हा भरायचे असेल तर यंत्र साधे चालते. आत्ता कोणी रस्ता जोडला की तासाभरात आपल्याकडे दिसावा अशी गरज असेल तर डेटाबेसमध्ये जास्तीचे तक्ते कायम ठेवावे लागतात आणि डिस्कवर सतत लिहिणे चालू राहते. रुग्णवाहिका किंवा पूर मदतकार्यासाठी ही गरज खरी असते. ट्रेकच्या वाटांना महिन्याचा ताजेपणा भरपूर झाला.

पायरी २: रास्टर की व्हेक्टर

या एका निवडीने यंत्राचा आकार खूप बदलतो.

रास्टरमध्ये सर्व्हर स्वतः चित्र काढतो. डेटा ओएसएम२पीजीएसक्यूएल या साधनाने पोस्टग्रेएसक्यूएल-पोस्टजीआयएसच्या डेटाबेसमध्ये भरला जातो, मॅपनिक त्यातून चित्र रेखाटते, आणि रेंडरडी व मॉड_टाइल ही जोडी ते साठवते आणि वाटते. व्हेक्टरमध्ये सर्व्हर फक्त रेषा, बिंदू आणि नावे पाठवतो. चित्र वाचणाऱ्याच्या फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये तयार होते. व्हेक्टर टाइल्स सहसा झूम १४ पर्यंतच बनवतात, पुढचे झूम ब्राउझर त्यातूनच मोठे करून दाखवतो. महाराष्ट्राला झूम १४ पर्यंत लागतात अवघ्या ७७ हजारांच्या आसपास टाइल्स. त्या सगळ्या पीएमटाइल्स प्रकारच्या एकाच फाइलमध्ये बसतात. ती फाइल एनजिनएक्सच्या साध्या सर्व्हरवर ठेवली की झाले, कारण ब्राउझर तिचा हवा तेवढाच तुकडा मागून घेतो. डेटाबेस लागत नाही, रेंडरिंग म्हणजे सर्व्हरवर चित्र काढणे लागत नाही. अख्ख्या जगाची अशी फाइल १०० जीबीहून मोठी असली, तरी ती वाटायला ४ जीबी रॅमचे यंत्रही पुरते.

मग रास्टरच्या वाटेला जावेच का? मराठी वाचकासाठी त्याचे एक ठोस कारण आहे. ब्राउझरमध्ये व्हेक्टर नकाशा काढणारी मॅपलिब्रे ही लायब्ररी एकेका अक्षराचे चित्र आणून शेजारी शेजारी ठेवण्याच्या पद्धतीवर उभी आहे. लॅटिन लिपीला ते चालते. देवनागरीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी सरकवावी लागते, जोडाक्षरे जुळवावी लागतात, रफार वर न्यावा लागतो. हे झाले नाही तर ‘चिपळूण’मधली वेलांटी च नंतर येते आणि ‘त्र्यंबकेश्वर’चे तुकडे होतात. प्रोटोमॅप्स या प्रकल्पाने यावर अक्षरे आधीच जुळवून टाइलमध्ये भरण्याची युक्ती काढली आहे, आणि ती वापरण्याजोगी आहे. मॅपनिकमध्ये मात्र लिपीची अक्षरे जुळवणारे हार्फबझ आहे, सर्व्हरवर नोटो सान्स देवनागरी फॉन्ट असला की नावे छापील पुस्तकासारखी नीट उमटतात. शैलीत, म्हणजे काय कसे दिसावे हे ठरवणाऱ्या फाइलीत, एवढेच सांगावे लागते की आधी ‘नेम:एमआर’ या टॅगमधले मराठी नाव घे आणि ते नसेल तरच साधे नाव घे.

निर्णय घेण्याआधी श्रीवर्धन, त्र्यंबकेश्वर, चिपळूण, कर्जत आणि आर्वी ही पाच नावे दोन्ही पद्धतींनी काढून पाहा. व्हेक्टरमध्ये ती शुद्ध दिसली तर व्हेक्टरच घ्या आणि पुढचा निम्मा खर्च वाचवा. फाइल तयार करायला प्लॅनेटिलर वापरता येते. त्याला मूळ पीबीएफ फाइलच्या (ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा ज्या प्रकारात मिळतो ती फाइल) निदान निम्मी रॅम आणि पाच ते दहा पट मोकळी डिस्क लागते. महाराष्ट्रासाठी हे काम साधा लॅपटॉप करतो. जगासाठी मोठे यंत्र तासाच्या भाड्याने घ्यावे, फाइल बनवावी, उतरवून घ्यावी आणि यंत्र परत करावे.

पुढच्या पायऱ्या मुख्यतः रास्टरवाल्यांसाठी आहेत.

पायरी ३: डिस्क, इथे कंजूषी नको

डिस्कच्या जाहिरातीत सेकंदाला इतके हजार एमबी असा आकडा मोठ्या अक्षरात असतो. तो सलग वाचनाचा वेग. आपल्या कामाला त्याचा फारसा उपयोग नाही. एक टाइल काढताना डेटाबेस रस्ते, नद्या, इमारती, सीमा आणि नावे वेगवेगळ्या तक्त्यांतून आणि डिस्कच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून उचलतो. तहसील कचेरीच्या दप्तरखान्यात शंभर गठ्ठ्यांतून एकेक पान काढावे तसे हे काम आहे. एक गठ्ठा किती भरभर वाचता येतो याला इथे महत्त्व नाही. म्हणून पाहायचा तो ४ केबीच्या विखुरलेल्या वाचनाचा आकडा. ७,२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दोनशे अशी वाचने करते. साटा जोडणीची एसएसडी हजारोंनी करते, एनव्हीएमई या जास्त वेगवान जोडणीची एसएसडी लाखांत जाते. हार्ड डिस्कवर डेटाबेस ठेवून वर बत्तीस कोअर लावले तरी कोअर वाट पाहत बसतात.

म्हणजे डेटाबेस एसएसडीवरच. भारताएवढ्या किंवा मोठ्या नकाशाला एनव्हीएमई, महाराष्ट्राला साटा एसएसडीही चालून जाते. हार्ड डिस्कचा उपयोग जुन्या प्रती आणि उपग्रह वा ड्रोनची मूळ चित्रे ठेवायला.

एसएसडी निवडताना तीन गोष्टी खोलात जाऊन पाहाव्यात. पहिली, पेशींचा प्रकार. एका पेशीत चार बिट ठेवणारी क्यूएलसी स्वस्त पडते, पण तिचा लिहिण्याचा वेग सुरुवातीपुरता असतो. आतला जलद भाग भरला की ती एकदम मंदावते. डेटा भरण्याचे काम तासन् तास लिहिण्याचे असते, त्यामुळे तिथे ती उघडी पडते. पेशीत तीन बिट ठेवणारी टीएलसी घ्यावी. दुसरी, लिहिण्याची हमी. चांगल्या १ टीबी टीएलसी एसएसडीला सहसा ६०० टीबी लिहिण्याची हमी असते. महिन्याला एकदा राज्य भरणाऱ्याला ती जन्मभर पुरेल. दर मिनिटाला जगाचे बदल घेणाऱ्याने मात्र सर्व्हर प्रतीची, जास्त हमीची एसएसडी घ्यावी. तिसरी, वीज जाण्यापासूनचे संरक्षण. सर्व्हर प्रतीच्या एसएसडीत छोटे कपॅसिटर असतात, वीज गेली तरी हातातले लिखाण पूर्ण होते. त्यामुळे डेटाबेसला ‘लिहिले’ अशी पावतीही लवकर मिळते आणि व्यवहार वेगाने होतात. आपल्याकडच्या विजेचा विचार करता यासाठी दिलेला जास्तीचा पैसा वसूल होतो.

जागा किती? डेटाबेससाठी पीबीएफ फाइलच्या १० ते १५ पट धरावी, भरताना लागणारी तात्पुरती जागा म्हणून आणखी तेवढीच मोकळी ठेवावी. म्हणजे महाराष्ट्राचे काम दहा जीबीच्या आसपास उरकते, भारताला ५० जीबी पुरतात. जगाची पीबीएफ फाइल ८० जीबीहून मोठी आहे, तिथे १ टीबी ही तळाची रेघ आणि २ टीबी शहाणपणाची. जग भरताना नोडांची, म्हणजे नकाशातल्या बिंदूंची, जागा लिहिणारी एक वेगळी सपाट फाइल वापरतात. नोडांचे क्रमांक १,२०० कोटींच्या पुढे गेले आहेत आणि प्रत्येकाला ८ बाइट लागतात, म्हणून ती एकटीच १०० जीबीच्या आसपास जाते. ती शेवटच्या क्रमांकावरून वाढत असल्याने छोट्या भूभागालाही जवळपास तेवढीच होते. महाराष्ट्र भरताना तो पर्याय बंदच ठेवावा. तसेच पुढे बदल जोडायचे नसतील तर भरून झाल्यावर मधले तक्ते टाकून देणारा ‘ड्रॉप’ पर्याय निवडावा, डेटाबेस बराच आक्रसतो.

किनारपट्टी असलेल्यांसाठी एक सूचना. समुद्राचा बहुभुज या पीबीएफमधून येत नाही. पाण्याच्या आकृत्या वेगळ्या उतरवून भराव्या लागतात. ते राहिले तर रायगड-सिंधुदुर्गाचा किनारा जमिनीच्याच रंगात अरबी समुद्रात विरून जातो आणि माणूस उगाच शैलीत चूक शोधत बसतो.

टाइल्सच्या साठ्याची एक खोच अशी. एका फाइलला डिस्कवर कमीत कमी ४ केबीचा गाळा लागतो, आणि लिनक्सची एक्स्ट४ फाइलप्रणाली सहसा दर १६ केबीमागे एकाच फाइलची नोंद राखून ठेवते. दोन कोटी सुट्या टाइल्स ठेवल्या तर जागा शिल्लक असतानाही ‘जागा नाही’ असा संदेश येऊ शकतो. मॉड_टाइल ८ बाय ८ अशा ६४ टाइल्सची एकच मेटाटाइल बनवते, त्यामुळे दोन कोटींच्या फाइली तीन लाखांच्या आसपास येतात. सुट्या टाइल्स ठेवणारे दुसरे साधन वापरणार असाल तर डिस्क फॉरमॅट करतानाच नोंदींची संख्या वाढवून घ्या, नंतर वाढवता येत नाही.

पायरी ४: रॅम

ओएसएम२पीजीएसक्यूएलचा ठोकताळा असा: निदान पीबीएफ फाइलएवढी रॅम हवी, त्याखाली काम फार रेंगाळते. महाराष्ट्राला १६ जीबी घेतली तर सगळा डेटाबेस रॅममध्येच मावतो आणि डिस्कला हात लावायची वेळ क्वचितच येते. राज्यापुरता नकाशा करण्याचा हा फार मोठा फायदा आहे. भारतासाठी ३२ जीबी, शक्य असल्यास ६४. जगासाठी १२८. पत्ता शोधण्याची सोय द्यायला नॉमिनाटिम बसवणार असाल तर त्याचा हिशेब वेगळा धरा. जगासाठी त्याला एकट्यालाच १२८ जीबी रॅम आणि १ टीबीहून जास्त एनव्हीएमई सुचवलेली आहे. टाइल्स आणि नॉमिनाटिम एकाच यंत्रात कोंबू नका, दोघेही एकाच डिस्कवर तुटून पडतात.

चोवीस तास चालणाऱ्या यंत्रात ईसीसी रॅम असावी. एखादा बिट उलटला तर ती तिथल्या तिथे दुरुस्त करते. साधी रॅम चुकीचा आकडा गुपचूप डेटाबेसमध्ये जाऊ देते. घेताना दोन लहान पट्ट्यांऐवजी एक मोठी असा मोह होतो, पण प्रोसेसरचे जितके मेमरी चॅनल असतील तितक्या पट्ट्या घातल्या तरच पूर्ण वेग मिळतो. पुढच्या वाढीसाठी निम्म्या खाचा रिकाम्या राहतील असे बोर्ड पाहावे.

रॅम घेतली तरी पोस्टग्रेएसक्यूएल ती आपोआप वापरत नाही. मूळ सेटिंग फारच भिडस्त असते. शेअर्ड बफर एकूण रॅमच्या पावपट, मेंटेनन्स वर्क मेम काही जीबी, रँडम पेज कॉस्ट ४ वरून १.१ वर, आणि जिट बंद, एवढे बदल करूनच यंत्राविषयी मत बनवावे.

पायरी ५: प्रोसेसर, आणि ग्राफिक्स कार्ड नको

मॅपनिक सगळे चित्र प्रोसेसरवर काढते. ग्राफिक्स कार्ड इथे शोभेलाही उपयोगी नाही. एक मेटाटाइल एका वेळी एकाच कोअरवर काढली जाते, म्हणून एका कोअरचा वेग आधी आणि कोअरची संख्या नंतर पाहावी. एका मेटाटाइलला सरासरी १ सेकंद धरला तर महाराष्ट्राच्या झूम १८ पर्यंतच्या तीन लाख मेटाटाइल्स आठ कोअरवर साडेदहा तासांत होतात. संध्याकाळी लावले की सकाळी राज्य तयार. राज्याला चार कोअर पुरतात, देशाला आठ, जगाला सोळा किंवा जास्त. कमी झूमच्या टाइल्सना एका चौकटीत हजारो रस्ते येतात, त्यामुळे त्यांना वेळ लागतो. ० ते १२ पर्यंतच्या टाइल्स रेंडर_लिस्ट या साधनाने आधीच काढून ठेवाव्यात आणि १३ पासून पुढच्या मागणीनुसार काढू द्याव्यात.

पायरी ६: यंत्र ठेवायचे कुठे

आधी वाहतुकीचा हिशेब. एका भेटीत माणूस नकाशा सरकवत-वाढवत २०० टाइल्स पाहतो असे धरू, टाइल इथे सढळपणे सरासरी १५ केबी. एक भेट ३ एमबीची झाली. दिवसाला १०,००० भेटी म्हणजे ३० जीबी, महिन्याला ९०० जीबी. गर्दीच्या वेळी पाचपट धरली तरी सेकंदाला सव्वाशेच्या आत टाइल्स आणि १५ एमबीपीएसच्या आत वाहतूक. काढून ठेवलेल्या टाइल्स वाटणे हे यंत्राला फारच हलके काम आहे. दहा गिगाबिटच्या नेटवर्क कार्डावर पैसे घालू नका.

क्लाउड घेतले तर यंत्राच्या भाड्यापेक्षा बाहेर जाणाऱ्या डेटाच्या दराकडे आधी पाहा. काही पुरवठादार दर जीबीमागे काही रुपये लावतात. ९०० जीबीला ते महिन्याला हजारांत जाते. ॲमेझॉन आणि गुगलची केंद्रे मुंबईत आहेत, मायक्रोसॉफ्टचे पुण्यात. जर्मनीत भाड्याने मिळणारे अख्खे सर्व्हर बरेच स्वस्त पडतात, पण तिथून येणारी प्रत्येक टाइल शंभर मिलिसेकंदांहून जास्त उशीर घेऊन येते. पुढे सीडीएन, म्हणजे टाइल्सच्या प्रती वाचकाजवळच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा, लावली तर हा उशीर बराच झाकला जातो.

कार्यालयात ठेवायचे असेल तर चार अडचणी आहेत. घरगुती इंटरनेटला बहुधा स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता नसतो, तो मागून घ्यावा लागतो. भारनियमन आणि अचानक जाणारी वीज यांसाठी ऑनलाइन यूपीएस हवा, आणि बॅटरी उतरली की यंत्र आपणहून नीट बंद होईल अशी जोडणीही हवी. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बंद खोलीतली एनव्हीएमई एसएसडी तापून वेग कमी करते. तिच्यावर ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणि समोर वाऱ्याचा मार्ग ठेवा. कोकणात खारी हवा आणि दमटपणा जोडण्यांवर गंज चढवतो. चौथी अडचण विजेच्या बिलाची. जुना रॅक सर्व्हर १५० वॉट घेत असेल तर महिन्याला १०८ युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाला १३ हजारांच्या आसपास. १५ वॉटच्या मिनी पीसीला त्याच्या दहाव्या हिश्श्यात काम होते, आणि राज्याचा तयार नकाशा वाटायला तो पुरतो.

जागा निवडताना कायद्याकडेही पाहावे लागते. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडव्या दिशेत १ मीटर आणि उभ्या दिशेत ३ मीटरहून जास्त अचूक भू-डेटा भारतातच साठवायचा आणि त्यावर प्रक्रियाही इथेच करायची. गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा डेटा तुमच्या नकाशावर चढणार असेल तर जर्मनीतला स्वस्त सर्व्हर बाद झाला. त्या डेटाला डिस्कही सढळ लागते: ५ सेंटिमीटरच्या पिक्सेलला एका चौरस किलोमीटरमध्ये ४० कोटी पिक्सेल येतात, म्हणजे दाबण्याआधी १.२ जीबी. दुसरे, ओपनस्ट्रीटमॅप देशांच्या सीमा प्रत्यक्ष ताब्यानुसार दाखवते, तर भारतात प्रसिद्ध होणाऱ्या नकाशातल्या बाह्य सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळाव्या लागतात. स्वतः रेंडरिंग करत असाल तर सीमेचा थर बदलणे आपल्या हातात राहते. ते पहिल्याच दिवशी करावे.

पायरी ७: जुना सर्व्हर घ्यायचा असेल तर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि इतरत्रही कंपन्यांतून निघालेले डेल पॉवरएज, एचपी प्रोलायंट यांसारखे सर्व्हर मिळतात. ते मजबूत असतात, ईसीसी रॅम भरपूर असते, दोन पॉवर सप्लाय असतात, आणि बंद पडलेले यंत्रही दुरून चालू करता येईल असा वेगळा मॅनेजमेंट पोर्ट असतो. संस्थेसाठी हा व्यवहार चांगलाच आहे, फक्त पारखून घ्यावा. डीडीआर३ रॅमच्या पिढीचे घेऊ नका, डीडीआर४ पासून पुढचे घ्या. काही जुने बोर्ड एनव्हीएमईवरून सुरू होत नाहीत. तिथे एक लहान साटा एसएसडी सिस्टिमसाठी ठेवावी आणि पीसीआयई खाचेत एनव्हीएमई बसवून तिच्यावर डेटाबेस ठेवावा. सोबत आलेल्या जुन्या डिस्क नकोतच म्हणा; एसएसडी नेहमी नवी, बिलासकट. रॅक सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज इतका असतो की माणसे बसतात त्या खोलीत सर्व्हर ठेवता येत नाही. आवाज चालणार नसेल तर त्याच पिढीचे जुने वर्कस्टेशन बघा.

तीन मांडण्या

महाराष्ट्र आणि गोवा, महिन्याला ताजा: ४ कोअर, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची टीएलसी एसएसडी. झूम १८ पर्यंतचा टाइल्सचा साठाही यातच बसतो. जुने पण धड वर्कस्टेशन चालेल.

भारत, रोज ताजा: ८ कोअर, ६४ जीबी ईसीसी, डेटाबेससाठी १ टीबी एनव्हीएमई, टाइल्सच्या साठ्यासाठी वेगळी १ टीबी साटा एसएसडी. दोन कामे दोन डिस्कवर ठेवल्याने एकाचा ताण दुसऱ्यावर येत नाही.

जग, सतत ताजे: १६ ते ३२ कोअर, १२८ जीबी ईसीसी किंवा जास्त, सर्व्हर प्रतीच्या २ टीबीच्या दोन एनव्हीएमई एकमेकींची हुबेहूब प्रत ठेवणाऱ्या रेड १ मांडणीत. तीन किंवा जास्त डिस्कवर डेटा वाटणारी रेड ५ इथे टाळावी, बारीक लिखाणाला ती जड जाते. खरे सांगायचे तर एवढे यंत्र लागते का, हे स्वतःला पुन्हा विचारून पाहा. मराठी वाचकांसाठी काम करणाऱ्या बहुतेकांना पहिली मांडणी पुरते.

यंत्र आल्यावर

आठवडाभर त्यावर खरे काम टाकू नका. रॅम तपासणारे मेमटेस्ट रात्रभर चालवा. स्मार्टसीटीएल या साधनाने एसएसडीचे चाललेले तास पाहा. नवी म्हणून दिलेल्या डिस्कवर हजारो तास दिसले तर लगेच परत करा. मग एफआयओ या साधनाने ४ केबीचे विखुरलेले वाचन मोजा आणि लिखाणाची चाचणी इतका वेळ चालू द्या की डिस्कचा आतला जलद भाग भरून जाईल. पहिल्या मिनिटाचा आकडा विसरा, विसाव्या मिनिटाचा लिहून ठेवा.

त्यानंतर फक्त गोवा भरा. ३,७०२ चौरस किलोमीटरचे राज्य, महाराष्ट्राच्या सुमारे १.२ टक्के. समुद्र, नद्या, दाट वस्ती आणि देवनागरी नावे सगळे त्यात आहे, त्यामुळे शैलीतली, फॉन्टमधली किंवा पाण्याच्या थरातली चूक थोडक्या वेळात वर येते. गोवा ठीक उमटला की महाराष्ट्र भरा आणि शेजारी डिस्क आणि कोअर किती व्यग्र आहेत ते दाखवणारे आयओस्टॅट उघडून ठेवा. डिस्क शंभर टक्के व्यग्र आणि कोअर रिकामे दिसले तर पुढचा पैसा डिस्कवर. कोअर भरलेले आणि डिस्क निवांत असेल तर यंत्र उत्तम जुळले आहे.

बॅकअपसाठी मोठी डिस्क घेण्याची गरज नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा केव्हाही पुन्हा उतरवता येतो आणि टाइल्स पुन्हा काढता येतात. जपायचे ते शैलीची फाइल, सेटिंग्ज, सीमेचा बदललेला थर आणि तुमचे स्वतःचे थर, म्हणजे विहिरी, वाटा, थांबे. ते सगळे मिळून पेन ड्राइव्हवर मावते. एक प्रत दुसऱ्या गावात ठेवा आणि सहा महिन्यांनी ती उघडून रिकाम्या यंत्रावर नकाशा उभा राहतो का ते करून पाहा. नकाशाच्या कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख ठेवायला विसरू नका, २०१२ पासूनच्या ओडीबीएल परवान्याची ती अट आहे. वाड्या-वस्त्यांची मराठी नावे दुरुस्त कराल ती आपल्या डेटाबेसमध्ये न करता थेट ओपनस्ट्रीटमॅपवर ‘नेम:एमआर’मध्ये करा. पुढच्या महिन्याच्या तुकड्यातून ती तुमच्याकडे आपोआप येतील, आणि दुसऱ्या कोणी उभारलेल्या सर्व्हरवरही.